दोन्ही बाजूंना छापा

माणूस समोर आला की मी आधी त्याचा चष्मा बघते. चेहरा नंतर. चष्म्याच्या काचेत दुसऱ्या मोबाइलचा चौकोन चमकतोय का, हे एकदा पाहून घेतलं की मगच मला नमस्कार करायला सुचतं. ही सवय कामाने लावली आणि आता ती काही जात नाही. परवा आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या बँकेत काउंटरवरच्या मुलाच्या चष्म्यातही मी डोकावत होते. तो बिचारा म्हणाला, "काकू, काही लागलंय का माझ्या तोंडाला?"

मी मुंबईत एका वित्तसंस्थेच्या जोखीम विभागात अर्धं आयुष्य काढलं. जोखीम विभाग म्हणजे काय, तर बाकीचे लोक पैसे लावतात आणि आपण त्यांच्या मागे उभं राहून "पण समजा असं झालं तर?" एवढंच विचारत राहायचं. अशा माणसावर ऑफिसात कुणाचं प्रेम नसतं. ती नोकरी सोडून सांगलीला, माझ्या गावी परत आले, तेव्हा वाटलं होतं की आता संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसायचं आणि कुणावर म्हणून संशय घ्यायचा नाही. सहा महिन्यांत त्याच संस्थेचा फोन आला. नवी मुलं घ्यायची आहेत, पहिली फेरी व्हिडिओवर असते, तुम्ही घरी बसून घ्याल का? मी लगेच हो म्हटलं. घाटावर बसून बसून माणूस किती बसणार?

या मुलाखतींत आम्ही काय विचारतो, हे ऐकलं की बाहेरच्या माणसाला वाटतं आम्ही जुगाराचा अड्डा चालवतो. आम्ही फासे टाकायला लावतो, नाणी उडवायला लावतो आणि पैजा लावायला लावतो. म्हणजे सगळं तोंडीच. उदाहरणार्थ, एक फासा आहे. टाकलास की जितके ठिपके पडतील तितके रुपये तुझे. पडलेलं पसंत नसेल तर पुन्हा एकदा टाकायची मुभा, पण मग दुसऱ्या वेळी पडेल ते मुकाट्याने घ्यायचं. हा खेळ खेळायला तू जास्तीत जास्त किती रुपये देशील? एका टाकण्याची सरासरी साडेतीन. म्हणजे पहिल्यांदा चार, पाच किंवा सहा पडले तर गप्प राहायचं, त्याहून कमी पडलं तर पुन्हा टाकायचं. हिशेब करत गेलं की उत्तर सव्वाचार येतं.

आता यात नोकरीचा काय संबंध? संबंध इतकाच की ज्याला उद्या दुसऱ्याचे पैसे लावायचे आहेत, त्याला नशीब आणि हिशेब यांतला फरक कळतो का, आणि आपल्याला काय माहीत नाही हे त्याला माहीत आहे का, ते आम्हाला बघायचं असतं.

पण ही कोडी आता सगळीकडे पसरली आहेत. पुण्यात त्यांचे क्लास निघालेत. मुलं उत्तरं पाठ करून येतात आणि विचार केल्याचं नाटकही पाठ करून येतात. कपाळाला बोट लावायचं, छताकडे बघायचं, "इंटरेस्टिंग" म्हणायचं. असाच एक मुलगा होता. मी फाशाचं कोडं सुरू केलं आणि त्याचे डोळे चमकले. मी सांगितलं, की या खेळात दुसऱ्यांदा टाकायचं असेल तर एक रुपया मोजावा लागेल. तोपर्यंत त्याच्या कानांची दारं लागली होती. त्याने कपाळाला बोट लावलं, छताकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सव्वाचार." मी म्हटलं, "व्वा! कसं काय काढलंस?" तर त्याने सगळी रीत घडाघडा म्हणून दाखवली. मी तोंडभरून आभार मानले, त्यानेही मानले. त्याला नाकारल्याची मेल गेली तेव्हा त्याने उलट मेल केली की माझं उत्तर बरोबर होतं, ऑनलाइन तपासून बघा.

आमच्या सांगलीच्या बाजारात हळद घेणारा माणूस हळकुंड हातात आलं की आधी ते मोडतो. वरून पिवळं कितीही असो, आतला रंग बघितल्याशिवाय तो भाव बोलत नाही. मी आकडे बदलते ते त्यासाठीच.

पैजेच्या कोड्यांत तर मला आणखी एक गोष्ट ऐकायची असते आणि ती फार थोडी मुलं बोलतात. मी म्हणते, नाणं उडवते, छापा पडला तर मी तुला तीनशे देईन, काटा पडला तर तू मला शंभर द्यायचे. खेळणार? दहापैकी नऊ मुलं हिशेब करून उड्या मारतात. फलटणचा एक मुलगा होता, वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर. त्याने हिशेब केला, बरोबर केला, आणि मग म्हणाला, "मॅडम, पण तुमाला हे परवडतंय कसं? जरा नाणं दाखवता का?" मी त्याला तिथल्या तिथे पास केलं. वजनकाट्यावरच्या माणसाचं पोर, त्याला काट्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो हे घरातच कळलेलं. दुसरा एक विटा भागातला होता. तो पैज तोंडी जिंकला आणि मुलाखत संपल्यावर त्याने मला आपला यूपीआय क्रमांक पाठवला. मी तिकडे दुर्लक्ष केलं तर दोन दिवसांनी आठवण करून दिली.

आणि मग पढवणारे. कॅमेऱ्यात दिसत नाहीत पण असतात. कुणाचा मित्र टेबलाखाली बसलेला असतो, कुणाच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र असतं. एका मुलाची मावशी पर्याय दिलेल्या दर प्रश्नाला आतल्या खोलीत खोकायची. एकदा खोकली की 'अ', दोनदा खोकली की 'ब'. मी 'क' उत्तर असलेला प्रश्न विचारला आणि मावशीला ठसका लागायची वाट बघत बसले. लागलाच. मी त्याला सांगितलं, "मावशींना आलं घालून चहा दे."

हे सगळं सांगताना मला हसू येतं, पण खरं सांगू का, या कामाने मी पार नासले आहे. दूधवाल्याच्या किटलीत मी बोट घालून बघते. माझा मुलगा मंदार पुण्यात असतो, तो फोनवर "जेवलो" म्हणाला तरी मी "काय जेवलास?" विचारते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मनात धरते. तो म्हणतो, "आई, मी कॅन्डिडेट नाहीये." बरोबर आहे त्याचं. पण काय करणार?

तर अशा माझ्यासमोर पल्लवी आली.

पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं गाव. कराडच्या कॉलेजात गणित घेऊन एमएस्सी. चष्मा नव्हता, त्यामुळे माझी पहिली पंचाईत तिथेच झाली. मागे निळ्या रंगाची भिंत, भिंतीवर फौजेच्या गणवेशातल्या कुणाचा तरी फोटो. उत्तरं अशी बरोबर, की मी कागदावर नुसत्या खुणा करत गेले. आकडे बदलले तरी बरोबर. फक्त एक गोष्ट खटकत होती. दर प्रश्नानंतर ती डावीकडे बघायची. पटकन, चोरून, आणि मग बोलायची. पैज हा शब्द आला की मग तर हमखास.

शेवटचं कोडं मी नाण्यांचं घातलं. पिशवीत शंभर नाणी आहेत. नव्याण्णव खरी, एक खोटं. त्याच्या दोन्ही बाजूंना छापा. तू न बघता एक उचललंस आणि दहा वेळा उडवलंस. दहाही वेळा छापा पडला. तर तुझ्या हातात ते खोटं नाणं असण्याची शक्यता किती? ती डावीकडे बघायला गेली, थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, "शंभरात साधारण एक्क्याण्णव." उत्तर अगदी बरोबर होतं.

इतकं नेमकं, इतकं शांत, आणि डावीकडे कोण? मी ठरवलं, हिला समोर बसवूनच बघायचं. आमच्या संस्थेची सांगलीत शाखा नाही, तेव्हा अशी शंकेची मुलं मी माझ्याच घरी बोलावते. तसं पत्त्यासकट तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या घरी? बाबांना विचारून सांगते."

इथपर्यंत नेहमीचंच होतं. पुढच्या आठवड्यात मात्र आमच्या गल्लीचं वागणं बदललं.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने मला बघून उगाचच हात जोडले. इस्त्रीवाल्याने कपडे घरपोच आणून दिले, तेही हसत हसत. समोरच्या जोशीकाकूंनी तर फाटकाशीच गाठलं आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "काही काळजी करू नका हो. आम्ही सगळ्यांनी चांगलंच सांगितलंय."

"कुणाला? काय?"

"आता आमच्यापासून कशाला लपवता? मोठा मिशीवाला माणूस, ताठ चालणारा. फौजेतला वाटला. दोन वेळा येऊन गेला की. तुमचं मूळ गाव कुठलं, घरात कोण कोण, कुणाचं येणं-जाणं, पत्त्यांचा वगैरे नाद आहे का, सगळं विचारत होता. मंदारसाठी स्थळ ना?"

आमच्याकडे सोयरीक जुळवण्याआधी मुलीचा बाप किंवा मामा असा गल्लीत येऊन चौकशी करून जातो, हे सांगायला नको. आणि गल्लीत कुणाचं लग्न रखडलं असेल तर शेजारपाजार एकदिलाने गोड बोलतो, हेही सांगायला नको. मंदारने तिशी कधीच ओलांडलेली. त्यामुळे किराणावाल्याने मी दर सोमवारी देवळात अन्नदान करते असं सांगितलं. इस्त्रीवाल्याने सांगितलं की बाई देवमाणूस आहेत, कधी एका पैशाची घासाघीस नाही. माझ्यासारख्या बाईबद्दल! जोशीकाकूंनी मुलाच्या पगारात स्वतःच्या हाताने भर घातली होती.

हा माणूस कोण, या विचाराने माझी झोप उडाली. स्थळ असतं तर मध्यस्थाचा फोन आला असता. पत्त्यांच्या नादाची चौकशी मुलाबद्दल करतात. हा तर माझ्याबद्दल करत होता. मी दाराला आतून दुसरी कडी लावायला सुरुवात केली.

त्यातच पल्लवीचा मेसेज आला. "मॅडम, मी मुलाखतीला येऊ शकत नाही. क्षमस्व."

सापडली, असं मी मोठ्याने म्हणाले. समोर बसायची वेळ आली आणि पढवणाऱ्याशिवाय जमणार नाही म्हणून माघार. मुंबईला कळवायला मी लॅपटॉप उघडलाही. पण ते हळकुंड न मोडताच ठेवून द्यावं असं काही होईना. मी फोन लावला.

"खरं कारण सांग," मी म्हटलं.

ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका. बाबा सांगलीला येऊन तुमची चौकशी करून आले. सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले."

"मग?"

"म्हणून तर नको म्हणतायत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. पण ती समजावून सांगायला लागली, आणि आपल्याच बापाची अडचण सांगताना तिच्या आवाजात थोडं हसूही होतं. बाबांचं म्हणणं असं, की कुठल्याही गल्लीत गेलं तर एखाद्या बाईबद्दल चार माणसं बरं बोलतील, दोन वाकडं बोलतील. इथे झाडून सगळे एकसारखं गोड. "ते म्हणतात हे दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं आहे. म्हणजे त्यांच्या शब्दांत नाही, पण मी तसं समजले. आणि मॅडम, ते चुकीचंही नाही ना? हिशेब तसाच लागतो."

हिशेब तसाच लागत होता. मला रागही आला आणि मजाही वाटली. "बाबांना फोन दे," मी म्हटलं.

द्यायची गरज नव्हती, ते तिथेच होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आवाज भरदार.

"नमस्कार बाई. स्पष्ट बोलतू, राग मानू नगा. आमच्या गावातल्या पोराला अशीच नोकरी लागली हुती. कंपनी, फोन, इंटरव्ह्यू, समदं झालं. मग डिपॉझिट म्हणून पैसं घेतलं आन् कंपनी गायब. तुमी तर माज्या पोरीला फासं टाकाया लावताय. नोकरीच्या इंटरव्ह्यूत फासं? मी फौजेत उभा जल्म काढला, आमाला कुणी पैज लावाया न्हाई सांगितलं."

"मी एक पैसा घेत नाही, सुभेदार."

"पयल्यांदा कोणच घेत न्हाई."

माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते. मी म्हटलं, "माझ्या शेजाऱ्यांना वाटलं तुम्ही माझ्या मुलासाठी स्थळ घेऊन आलात. म्हणून ते गोड बोलले."

"ह्ये बी तुमी म्हणताय."

"खरं आहे."

"तुमचं गल्लीत कुणाशी वाकडं हाय का? त्येचं नाव सांगा. त्येला इचारतो."

"मी नाव सांगितलं तर तो माणूसही माझाच पढवलेला, असं तुम्ही म्हणाल."

"म्हणीनच."

"मग तुम्हीच शोधा."

फोन ठेवल्यावर मी स्वतःशीच हसत होते, पण त्या मुलीच्या आवाजात काहीतरी होतं. तिने फोन ठेवण्याआधी हळूच विचारलं होतं, "मॅडम, जागा कधीपर्यंत आहे?" मी आठवडाअखेर म्हटल्यावर ती "बरं" म्हणाली, तिची बस सुटताना दिसावी तशी. कराडच्या कॉलेजातून इतक्या वर्षांत या जागेसाठी कुणीही इथवर पोहोचलं नव्हतं आणि तिला ते माहीत होतं. मला पहिल्यांदाच वाटलं, की ही पढवलेली नसावी. नसू दे, असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी फाटक वाजलं. दारात पल्लवी, तिच्या मागे तो मिशीवाला ताठ माणूस. हातात पिशवीभर पाटणचा तांदूळ. मी तांदळाकडे संशयाने बघितलं हे सांगायला हरकत नाही.

"कसे काय आलात?" मी विचारलं.

सुभेदार खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुमच्या मागल्या बंगल्यातल्या बाई घावल्या."

मागच्या बंगल्यातल्या मालूताई. शेवग्याच्या फांदीवरून आमचं बोलणं बंद झालं, त्याला बराच काळ लोटला. "काय म्हणाल्या?"

"लय बोलल्या. मी दारात हुबाच. म्हणल्या, बाई भांडकुदळ. त्यांच्या टाकीचं पाणी वाहतंय म्हणून तुमी पालिकेत तक्रार केली. दुधवाल्याला चोर म्हणता. हळदीकुंकवाला बोलवत न्हाई. वाटीभर साखर मागितली तर कशाला पायजे म्हणून इचारता."

"विचारते," मी म्हटलं.

"मग मी इचारलं, घरात कोण येतं-जातं? तर म्हणल्या, कोण येणार वो तिथं? कुत्रं बी फिरकत न्हाई." सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "मी म्हणलं, झालं मग. ज्या घरात कुत्रं फिरकत न्हाई तिथं टोळी कुठनं असंल? आन् इतकं वाईट बोलणाऱ्या बाईला बी फसवणुकीचं एक न्हाई आठावलं. समदं टाकीचं आन् साखरंचं."

माझ्या आयुष्यात माझ्या चारित्र्याचा इतका चांगला दाखला मला कुणी दिला नव्हता. मी चहा टाकला. साखरेसकट.

मुलाखत सुरू केली तेव्हा सुभेदार उठून मुलीच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. हाताची घडी, नजर माझ्यावर. मी पहिला प्रश्न विचारला. पल्लवीने पटकन डावीकडे बघितलं. आणि मला सगळं कळलं.

"त्या दिवशी व्हिडिओवर तुम्ही असेच बसला होतात?"

"मग? परक्या माणसाफुडं पोरीला एकटी बसवायची? तुमच्यावर नजर ठिवून हुतो."

मुलगी प्रत्येक प्रश्नाला बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती, की आता पैज म्हटल्यावर हे लॅपटॉप बंद करतात की काय. तो माझ्यावर पाळत ठेवत होता म्हणून ती चोरून बघत होती, आणि ती चोरून बघत होती म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवत होते. मी सुभेदारांची खुर्ची उचलून माझ्या मागे ठेवली. "इथे बसा. इथून मी काय करते ते नीट दिसेल." त्यांना ते पटलं.

मग मी कोडं मोडलं. म्हटलं, पिशवीत आता हजार नाणी आहेत, खोटं एकच. दहा वेळा छापा. किती शक्यता? ती म्हणाली, "शंभरात नऊ." लगेच मान हलवली. "नाही, थांबा. पहिल्या उत्तराला दहाने भागलं मी. तसं नाही करता येत." तिने माझ्याकडून पेन घेतलं, दोन ओळी खरडल्या, ओठ चावले, पुन्हा खोडलं. चूक करणारं आणि आपली चूक आपणच पकडणारं माणूस बघायला मी किती आसुसले होते, ते मला त्या क्षणी समजलं. "निम्मं-निम्मं," ती शेवटी म्हणाली. "जवळजवळ."

"म्हंजे खात्री न्हाईच," मागून सुभेदार म्हणाले.

"नाहीच, बाबा. हजार नाण्यांत दहा वेळा छापा पुरत नाही."

मुंबईला मी तिची शिफारस केली. तिथून उलट विचारणा आली. व्हिडिओत उमेदवार वारंवार बाजूला बघते, तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीच्या लक्षात कसं आलं नाही? मी लिहिलं की बाजूला तिचे वडील होते आणि ते माझ्यावर लक्ष ठेवत होते. त्यांनी विचारलं, तुम्ही याची खात्री देता का? इतक्या वर्षांत मी कुणाची खात्री दिली नव्हती. माझं कामच खात्री न देण्याचं. मी लिहिलं, "देते." आणि पाठवायचं बटण दाबून उठले, घरात दोन फेऱ्या मारल्या.

तिची मुंबईची फेरी झाली. नेमणुकीचं पत्र आलं. तिने मला फोन केला, आनंदाने आवाज चिरकत होता. मी म्हटलं, "आता पेढे."

"मॅडम, एक विचारायचं होतं. बाबा म्हणतायत, तुमची चौकशी झाली, कंपनीची कुठे झाली? तिथून भांडून बाहेर पडलेलं कुणी तुमच्या माहितीत आहे का?"

मी हसले. मग माझं हसू थांबलं, कारण तसं माणूस तिच्याशीच बोलत होतं.

हे मी मंदारलाही कधी सांगितलं नव्हतं. गल्लीत मी निवृत्त झाले असंच सगळे समजतात. मी म्हटलं, "आहे. मी." आणि सांगून टाकलं. जोखीम विभागाची प्रमुख व्हायची वेळ माझ्यावर दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी ज्यांना काम शिकवलं त्या पुरुषांना ती खुर्ची मिळाली. दुसऱ्या वेळी मी विचारलं का, तर म्हणाले, तुम्ही फार संशयी आहात, माणसं सांभाळायला विश्वास लागतो. संशय घ्यायचाच तर पगार देत होते मला! मी राजीनामा टेबलावर ठेवला. संस्था चोर नाही. तिथे कुणी लबाडी केलेली मी पाहिली नाही. काम फार सुंदर आहे. पण माझ्या वेळेपर्यंत तरी वरच्या मजल्यावर एकही बाई नव्हती आणि ते मला अजून बोचतं.

फोन स्पीकरवर असणार, हे मी एव्हाना ओळखायला हवं होतं.

"बाई," सुभेदार म्हणाले, "मलाबी सुभेदार-मेजर न्हाई केलं. माझ्या हाताखालचा झाला. लय लागलं हुतं तवा." मग म्हणाले, "पर फौज वाईट न्हवती. पोर जाईल."

"मॅडम," पल्लवी म्हणाली, "रुजू व्हायच्या आधी त्यांचा एक कॉल आहे. शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही प्रश्न आहेत का? मी काय विचारू?"

इतकी वर्षं मी पढवणाऱ्यांच्या मागावर होते. टेबलाखाली, कानात, आतल्या खोलीत. मी तिला काय विचारायचं ते शब्दन् शब्द सांगितलं आणि दोनदा म्हणून घेतलं.

सोमवारी मुंबईहून फोन आला. जो माझ्या खुर्चीवर बसला तोच होता, मी शिकवलेला. म्हणाला, "बाकी सगळं ठीक. पण शेवटी त्या मुलीने विचारलं, की तुमच्या जोखीम विभागात आजवर किती बायका प्रमुख झाल्या, आणि एकही झाली नसेल तर तो योगायोग असण्याची शक्यता तुम्ही किती धरता? हा पाटणच्या बावीस वर्षांच्या मुलीचा प्रश्न नाही. खरं सांगा, कुणीतरी पढवलंय तिला."

"हो," मी म्हटलं. "या वेळी मी पढवलंय. उत्तर काय दिलंत?"